डाव्या हाताची चित्रं

"डाव्या हातानं काढू? बाई, तीस वर्षं बोर्ड रंगवतोय मी. सरळ रेघ मारायला लोक बोलावतात मला. वाकडी मारायला आजवर कुणी बोलावलं नव्हतं."

"पेंटर, जरा हळू," असं म्हणत मोठ्या बाईंनी ऑफिसचं दार लोटून घेतलं.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. आणि पेंटर म्हणजे पेंटरच. त्याला दुसरं नाव असलं तर ते त्याच्या बायकोला ठाऊक, आणि तीही ते कधी घेत नसे. शाळेच्या फाटकावरच्या पाटीपासून मुतारीच्या दारावरच्या बाईमाणसाच्या चित्रापर्यंत सगळं त्याच्याच हातचं. शिवाय त्याची नात टिंगी तिथंच चौथीत होती. त्यामुळे बाईंनी बोलावलं की ब्रश धुऊन निघायचं, हा रिवाजच पडून गेलेला.

झालं होतं असं, की शाळेचं दूरदेशीच्या एका शाळेशी सूत जुळलं होतं. कलेतून शिक्षण, असा काहीसा मामला. इथल्या पोरांनी 'माझं घर' काढायचं, तिथल्या पोरांनी त्यांचं, मग चित्रांची अदलाबदल आणि दोन्हीकडे प्रदर्शन. त्यांना पसंत पडलं तर पुढच्या साली शिक्षकांनी तिकडं जाऊन यायचं. बाईंची बॅग आत्ताच भरून तयार आहे असं शिपाई सांगायचा.

पोरांनी चित्रं काढली. पण पोरं ती! दिसलं ते काढलं. कुणी दारातलं तुंबलेलं गटार काढलं, कुणी भांडणारे आईबाप, कुणी संडासापुढची रांग, तीसुद्धा डबड्यांसकट. बाईंनी दोन बोटांत धरून एकेक चित्र पाहिलं, मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसं.

"पाहुण्यांना हे दाखवायचं? तुम्ही काढा. मुलांनी काढल्यासारखी. फुलं, सूर्य, हसरी माणसं. खाली मुलांची नावं आम्ही घालू."

पेंटरला ते ऐकूनच तोंडात काहीतरी कडवट आल्यासारखं झालं. पण नकार द्यायचा तर टिंगीला रोज याच फाटकातून आत जायचं होतं.

"काढतो," तो म्हणाला. "पण माझ्या नातीचं तिचंच जाऊ द्या. पंधरा दिवस खपलीय ती त्याच्यावर. मलासुद्धा दाखवलं नाही. 'तिकडं पोचलं की सांगीन' म्हणते."

"जाईल हो," बाई म्हणाल्या, अंगावरची माशी उडवावी तशा.

ड्रॉइंगच्या वर्गामागं अडगळीची खोली होती. तिथं त्याला बसवलं. कोपऱ्यात खळीची बादली आंबून तिच्यावर हिरवी साय धरली होती, तिचा वास नाकातून थेट पोटात उतरायचा. दार उघडं ठेवायचं नाही, पोरं पाहतील. पहिल्या दिवशी डावा हात आपसूक थरथरला, काम झकास झालं. दुसऱ्या दिवशी हाताला वळण लागलं आणि रेघ सरळ यायला लागली. मग ती मुद्दाम थरथरवायची! इथून त्याला स्वतःची शिसारी यायला सुरुवात झाली. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात सूर्य, आणि प्रत्येक सूर्य दात काढून हसतोय. इतके हसरे सूर्य ओळीनं वाळत घातलेले पाहिले की त्याला वाटायचं, एकेकाच्या थोबाडीत द्यावी.

घरी गेला की टिंगीचा एकच धोशा. "आजोबा, गेलं का माझं?"

"जाईल उद्या-परवा."

"तिकडची मुलगी मला पत्र लिहिणारे. सरांनी सांगितलंय."

तिसऱ्या दिवशी ड्रॉइंगच्या सरांनी चहा आणला आणि रद्दीचा गठ्ठा टाकला. "याला पुसा ब्रश," असं भिंतीकडं बघत म्हणाले आणि पाय ओढत निघून गेले.

पेंटरनं वरचा कागद ओढला, निळ्यानं भरलेला ब्रश न बघताच त्याच्यावर पुसला, ब्रश उलटून पुन्हा पुसायला गेला आणि हात तसाच राहिला.

कागदभर दोन तळवे होते. नुसते तळवे, ताटाएवढाले. त्यांच्या खाली शिडीची एक पायरी, आणि वर कुठंतरी लांब, राईएवढं डोकं. टाचांच्या भेगा एकूणएक मोजून काढलेल्या, भेगांत लाल-पिवळे ठिपके. उजव्या पायाची करंगळी बाहेर वळलेली.

पेंटरनं चप्पल काढली आणि आपली करंगळी पाहिली. रंगाचा डबा पडून मोडलेली, तेव्हापासून बाहेर वळलेली.

शाळा सुटली की टिंगी त्याची शिडी धरायला यायची. खालून वर पाहणाऱ्या पोरीला आजोबा म्हणजे तळवेच की. तिचं घर म्हणजे हे! आणि त्याच्यावर आजोबानं ब्रश पुसला होता.

तो कागद हातात घेऊन तसाच अनवाणी ऑफिसात गेला.

"हे कसं काय रद्दीत?"

बाईंनी कागद पाहिला, मग फरशीवर उमटलेले त्याचे पाय पाहिले. "अहो, तळवे! भेगाळलेले! पाहुण्यांना तळवे दाखवायचे का आपण? तिच्या नावानं तुमचं सतरा नंबरचं घातलंय. तळ्यातल्या बदकांचं. किती गोड झालंय!"

"शब्द दिला होता तुम्ही."

"या इकडे." बाईंनी त्याला हॉलमध्ये नेलं. परदेशातून आलेली चित्रं दोरीला चिमट्यांनी लावली होती. वर त्यानंच रंगवलेलं कापडी बॅनर. "बघा. त्यांची मुलं बघा किती स्वच्छ काढतात."

पेंटरनं पाहिलं. डोंगर, फुलं, झोपडीवजा घर, आणि कोपऱ्यात सूर्य, हसरा. चित्राखालची अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, पण अक्षरांच्या वर-खाली पेन्सिलीनं आखून नीट न खोडलेल्या दोन रेघा दिसत होत्या. आठनऊ वर्षांचं पोर अक्षराला वरून-खालून आखणीची दोरी धरत नाही. ते बोर्डवाला धरतो. तो पुढच्या चित्राकडं सरकला, मग त्याच्या पुढच्या. सगळीकडं कडा थरथरत्या आणि आतला रंग मात्र सफाईनं सपाट. कडा काढताना माणूस नाटक करतो. रंग भरताना कंटाळतो आणि आपल्या हातावर येतो. पेंटरचंही तेच झालं होतं. आणि या रंगाचे फटकारे त्याच्या फटकाऱ्यांच्या उलट्या बाजूला कललेले.

तो हसायला लागला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

"काय झालं?"

"बाई, तिकडंही एक पेंटर बसवलाय. बिचारा डावखुरा आहे. त्याच्याकडून उजव्या हातानं काढून घेतलंय."

बाई दोरीवरची चित्रं पुन्हा एकदा बघून आल्या. त्यांना लाज वाटेल असं पेंटरला वाटलं. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"मग तर बरंच झालं," त्या म्हणाल्या. "कुणी कुणाला विचारणार नाही."

पेंटरला अडगळीची खोली आठवली. खळीची बादली बरी, ती नुसती आंबते, आंबून खूश होत नाही.

"बाई, बोर्ड पुरा झाला की खाली कोपऱ्यात पेंटर आपलं नाव टाकतो. ठाऊक आहे ना?"

"म्हणजे?"

"सतरा नंबर काढा आणि हे घाला. नाहीतर उरलेल्या सगळ्यांच्या कोपऱ्यात माझं नाव येईल. उजव्या हातानं. धंद्याचा रिवाज आहे, मोडवत नाही."

"धमकी देताय?"

"नाव टाकतोय."

बाईंनी दाराकडं पाहिलं. ड्रॉइंगचे सर दारात उभे होते. ते पुढं आले, तिकडं पाठवायच्या पाकिटातून बदकं काढली आणि तळवे आत सरकवले. बाकीच्या पोरांची चित्रं रद्दीच्या गठ्ठ्यात होती, ती मात्र कुणी बाहेर काढली नाहीत. पेंटरनंही नाही. एवढंच त्याच्या हातून झालं, आणि एवढंच झालं याचीही त्याला घाण वाटली. पाकिटावरचा पत्ता त्यानंच घातला, टपोऱ्या अक्षरात.

संध्याकाळी त्याला पंक्चरच्या दुकानाची पाटी रंगवायची होती, तिथं टिंगी दप्तरासकट हजर.

"गेलं?"

"गेलं. पण त्याला निळा डाग पडलाय. मी ब्रश पुसला. बघितलं नव्हतं."

"पुसायला माझंच सापडलं?" तिनं गाल फुगवले. जरा वेळानं म्हणाली, "कुठं पडलाय?"

"टाचेवर."

"मग चालेल. टाचेवर असतोच तुमच्या."

तो शिडीवर चढला, ब्रश उजव्या हातात घेतला आणि पहिलं अक्षर काढलं. त्याची कड थरथरली. तीन दिवसांचं नाटक या हातातही शिरलं होतं. त्यानं शिवी हासडली, चिंधी रॉकेलात बुडवली आणि अक्षर पत्र्याच्या रंगापर्यंत घासून काढलं.

"घट्ट धर गं," तो खाली न बघता म्हणाला, आणि पुन्हा दोरी धरून रेघ आखायला लागला.