चार फडकी

मटकीला मोड आणायला ओलं फडकं बांधलं, की त्याच्या वासानं मला जतचं आमचं घर आठवतं. लढाईचे दिवस होते, मी पाचवीत होते. शेकडा ऐंशी दाणे उगवले तरच ते बी पेरा, असं शेतकी खात्याचा माणूस गावात सांगून गेला होता. आत्तीनं, म्हणजे माझ्या आत्यानं, आमच्या शाळू ज्वारीच्या बियाण्याचे पंचवीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळले. चौथ्या दिवशी सोडून बघितलं, तर एकवीसच दाण्यांना कोंब. "ऐंशी कुटं नि एकवीस कुटं! हे आता भाकरीलाच," म्हणत तिनं बियाण्याचं मडकं जात्यापाशी ओढलं. घरात दुसरं बी नव्हतं. मी जात्याच्या तोंडावर हात ठेवला. "आत्ती, दाणं पंचवीसच घेतलं तुमी. अशी चार फडकी धरा, मग शंभर हुत्यात." तिनं चार बोटं पुढं धरली, एकेका बोटावर एकवीस मोजत गेली आणि थांबली. "चौऱ्याऐंशी?" मडक्यावर परत झाकण घालत ती म्हणाली, "पाचवीनंतर तुझी शाळा बास म्हनले न्हवं मी? ते इसर." पुढं मी मास्तरीण झाले. शेकडेवारीच्या पहिल्या तासाला फळ्यावर आधी चार फडकी काढायची, गुणाकार मागनं.