पाठमोरी खुर्ची

पद्मा मॅडम वर्गात आल्या की आधी खुर्ची फिरवायच्या. टेबलामागची खुर्ची ओढत पहिल्या बाकापाशी आणायच्या आणि फळ्याकडे पाठ करून बसायच्या. मग कुणाला तरी फळ्यापाशी उभं करायच्या आणि इंग्रजीत बोल म्हणायच्या. बोलणाऱ्याला त्यांचा अंबाडा दिसायचा, त्यात खोवलेली दोन-चार मोगऱ्याची फुलं दिसायची, बास. चेहरा आम्हा बाकीच्यांना.

"मी फोनच्या त्या टोकाला आहे," त्या सांगायच्या. "तुझा इस्त्रीचा शर्ट मला दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. माझ्या पाठीला कळलं पाहिजे."

बेंगळुरूतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात 'कम्युनिकेशन स्किल्स' हा विषय म्हणजे जेवणानंतरची डुलकी. पण या पाठमोऱ्या बाईंपुढं झोप उडायची. कुणाचं वाक्य मध्येच अडकलं की त्या बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, "स्वल्प थांब." म्हणजे जरा दम घे. वाक्य पार पडलं की "सरी, मुंदे." ठीक, पुढे. कंडक्टर घंटी मारून बस हाकतो तसा त्या वर्ग हाकायच्या. व्याकरण चुकलं तर मात्र अंबाडासुद्धा हलायचा नाही. एकदा एका हुशार पोरानं विचारलं, मॅम, तुम्ही चुका का काढत नाही? तर म्हणाल्या, आधी माणूस तर बाहेर येऊ दे, त्याचे केस नंतर विंचरू.

माझा माणूस काही बाहेर येत नव्हता. मी गडहिंग्लजचा, मराठी शाळेतला. माझ्याकडं इंग्रजी होती, पण ती सगळी दुसऱ्यांची. क्रिकेटच्या कॉमेंटेटरची होती, विमानतळावरच्या अनाउन्समेंटवाल्या बाईची होती, आमच्या प्रिन्सिपलांची तर नाकासकट होती. त्यांच्या आवाजात मी तासभर बोललो असतो. माझ्या आवाजात "मायसेल्फ प्रथमेश" एवढं झालं की गाडी बंद. धक्का मारूनही चालू व्हायची नाही.

तेव्हा माझी पाळी आली त्या दिवशी मी सोपा मार्ग धरला. फळ्यापाशी उभा राहिलो, नाक चोंदवलं आणि प्रिन्सिपल काढले. "गुड मॉर्निंग. डिसिप्लिन इज नॉट अ जोक. अंडरस्टँड?"

मॅडम ताडकन उठल्या. पदर सावरला आणि वळूनही न बघता म्हणाल्या, "गुड मॉर्निंग सर."

वर्ग बाकांखाली गेला. मॅडम वळल्या. दारात कुणी नव्हतं, फळ्यापाशी मी होतो. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं आणि एकदम मराठीत आल्या.

"मराठीतच सांगते, म्हणजे तुझी अब्रू तुझ्यापुरती जाईल. प्रिन्सिपलांना नोकरी आहे रे. त्यांच्या आवाजात इंटरव्ह्यू दिलास तर कंपनी त्यांनाच घेईल. तुझं काय करायचं?"

बाकीचा वर्ग आमच्या तोंडांकडं बघत बसला. मला हसायचं होतं, पण जमलं नाही.

मॅडमचे पणजोबा की खापरपणजोबा कधी तरी इकडं आले, ते इथलेच झाले. चिकपेटेच्या बाजारात, माडीवर, त्यांच्या भावाचं साड्यांचं दुकान. घरात मराठी, पण अशी, की निम्मी भाजी कानडी आणि फोडणी आपली. वर्गाबाहेर मला अक्का म्हण, असं त्यांनीच सांगितलं. भेटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास काय?" नाही म्हणालो तर पुढचं बोलणं कँटीनमध्ये.

शेवटचं वर्ष होतं. कंपन्या यायच्या, लेखी परीक्षेत मी पास व्हायचो आणि इंटरव्ह्यूत गारद. गावाकडं काकांचं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. त्यांनी माझ्यासाठी एक स्टूल आणूनही ठेवलं होतं. फोनवर म्हणायचे, ये की परत, इथं गिऱ्हाईक मराठीतच भांडतंय. ते प्रेमानं म्हणायचे, पण मला स्वप्नात ते स्टूल दिसायचं. आता फक्त शहरातल्याच मारतहळ्ळीची एक कंपनी यायची राहिली होती. काम परदेशातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं. ती गेली की मी आणि स्टूल.

अक्कांनी मला शनिवारी दुकानात बोलावलं. म्हणाल्या, हल्ली लेआउटमधली, म्हणजे नव्या वसाहतींतली मंडळी लग्नाच्या साड्यांना इथंच येतात आणि इंग्रजीतच बोलतात, तू साड्या दाखव. स्वतः गादीवर बसल्या. अर्थात माझ्याकडं पाठ करून.

दुपारी एचएसआर लेआउटमधून एक मल्याळी बाई आल्या. मुलीचा साखरपुडा होता, बाई खुशीत होत्या. त्यांची इंग्रजी गोल, मऊ, शब्द तोंडात घोळवून सोडायची. मी साड्या उलगडत होतो, उत्तरं देत होतो आणि विशेष म्हणजे अडकत नव्हतो. मला वाटलं, आली बरं का इंग्रजी. चौथ्या साडीला बाईंचा चेहरा उतरला. तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. मी त्यांच्याच चालीत बोलत होतो, त्यांचेच हेलकावे, त्यांच्याच शब्दांचे लाडू वळत होतो. जीभ आपोआप त्यांच्यामागून गेली होती.

"आर यू मेकिंग फन ऑफ मी?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. हातातली साडी नीट घडी करून ठेवली आणि जिना उतरून गेल्या.

अक्कांचे भाऊ, अण्णा, पुढं सरकले. उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

अक्का तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "तू चिडवत नव्हतास, मला कळलं. त्यांना कसं कळणार? त्या साडी घ्यायला आल्या आणि समोर आरसा निघाला. आरशाकडून कुणी साडी घेतं काय रे?"

मी म्हणालो, "अक्का, माझी स्वतःची इंग्रजी काढली तर तिला गडहिंग्लजचा वास येतो."

"येऊ दे की. माझ्या इंग्रजीला चिकपेटचा येतो. पगार थांबलाय काय?"

त्यानंतर कॉलेज सुटलं की रिकाम्या वर्गात मी आणि तो अंबाडा. मी बोलायचो. जरा कुणाचा आवाज चढला की बोट वर. "हा कोण आला? त्याला पाठव, तुला बोलाव." कॉमेंटेटर गेला, विमानतळवाली गेली. प्रिन्सिपल हट्टी, ते सगळ्यात शेवटी गेले. मागं जे उरलं ते फारच साधं होतं. हळू, थोडं खडबडीत, 'व्ही' आणि 'डब्ल्यू'त फरक न करणारं. मला त्याची लाज वाटायची. अक्का म्हणायच्या, "सरी, मुंदे."

इंटरव्ह्यू लॅपटॉपवर झाला. समोरचे साहेब दिल्लीकडचे, प्रत्येक शब्दाला तूप लावून बोलणारे. पहिल्याच उत्तराला माझी जीभ तुपाकडं निघाली. मी "ॲक्च्युअली जी" म्हणून बसलो. गप्प झालो.

"हॅलो? आर यू देअर?"

मी डोळे मिटले. अंबाडा आणला, मोगरा आणला, वर झालेलं बोट आणलं. स्वल्प थांबलो. मग म्हणालो, "सर, आय विल स्पीक स्लोली. धिस इज माय इंग्लिश."

साहेब म्हणाले, टेक युवर टाइम. मग विचारलं, गिऱ्हाईक चिडलं तर काय करशील? मी त्यांना मल्याळी बाईंची गोष्ट सांगितली. माझी चूक झाकली नाही. वाक्यं मोडकी होती, पण सगळी माझी होती. साहेब ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, मग ती साडी कोण विकणार? मी म्हणालो, "नाउ आय कॅन, सर." नोकरी लागली. काकांना कळवलं, तर म्हणाले, मग त्या स्टुलावर आता कुंडी ठेवतो. अक्कांना कळवलं, तर त्यांनी विचारलं, "जेवलास काय?"

आता मी मारतहळ्ळीत दिवसभर कानाला हेडफोन लावून बसतो. एकाही गिऱ्हाइकाचं तोंड मला दिसत नाही, त्यांना माझं दिसत नाही. सगळी दुनियाच पाठमोरी.

गेल्या महिन्यात अक्का रिटायर झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला पोरांनी मला नकला करायला बोलावलं. प्रिन्सिपल पहिल्या रांगेत होते, त्यांची परवानगी घेऊन त्यांनाच काढलं, सगळ्यात जास्त तेच हसले. मग मागून ओरडा सुरू झाला, पद्मा मॅम, पद्मा मॅम. त्यांची नक्कल माझ्याकडं किती वर्षं तयार होती, बोटासकट.

अक्का शेजारीच स्टेजवर बसल्या होत्या. त्या उठल्या, खुर्ची फिरवली आणि माझ्याकडं पाठ करून बसल्या. मोगरा होताच, केस मात्र आता पांढरे.

त्यांचा आवाज माझ्या घशापर्यंत आला होता. मी तो गिळला.

"गुड मॉर्निंग, मॅम," मी म्हणालो. हळू, खडबडीत. "आय ॲम प्रथमेश, फ्रॉम गडहिंग्लज."

अक्का ताडकन उठल्या. पदर सावरला आणि वळूनही न बघता म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, सर."