ट्रॉयची नीलांबरी आणि लंबगोल चेंडू

आमच्या डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या मराठी मंडळात नीलांबरी नवीन आली, तेव्हा तिची ओळख एवढीच होती: यतीनची बायको, नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. ही बाई पस्तिशीला टेकताना ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायला लागेल, असं कुणी म्हटलं असतं, तर आम्ही आधी विचारलं असतं, ते काय असतं बुवा?

तिच्या ऑफिसात टेस नावाची मेलबर्नची मुलगी होती. डेट्रॉइटच्या बायकांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल टीमची ती कॅप्टन. एकदा टीममध्ये एक जण कमी पडली.

"तू कधी काही खेळली आहेस?" टेसनं लंचला विचारलं.

"कॉलेजात कबड्डी."

"त्यात काय करतात?"

"आलेल्या बाईला धरून पाडतात."

"शनिवारी ये," टेस म्हणाली.

नीलांबरी गेली. लंबगोल चेंडू घेऊन पळणाऱ्या पहिल्याच मुलीचा तिनं असा काही घोटा धरला, की ती मुलगी गवतात आडवी. लगेच शिट्टी. थोड्या वेळानं पुन्हा घोटा, पुन्हा शिट्टी.

"गुडघ्याच्या खाली धरायचं नाही!" टेस ओरडली.

"मग पाडायचं कसं?"

"कंबर धर आणि सोडू नकोस!"

तिनं कंबर धरली ती पुढे कितीतरी सीझन सोडली नाही. हवेत उडी मारून चेंडू झेलणं, मुठीनं तो मैत्रिणीकडे ढकलणं, सगळं शिकली. आसपासच्या राज्यांतल्या टीम्स तिला ओळखायला लागल्या. एका वर्षी तर लीगची बेस्ट प्लेयरही झाली.

मग एका मॅचमध्ये तिचं कॉलरबोन मोडलं. हॉस्पिटलमधून परतताना यतीन म्हणाला, "बास आता, नीलू. आपण ऑफिसला जाणारी माणसं आहोत यार."

ती हो म्हणाली आणि खरंच थांबली. बूट टेसला देऊन टाकले. पण हिवाळाभर घरात भांडी जोरात आपटत होती. बर्फ वितळल्यावर यतीन स्वतःच टेसकडे गेला आणि बूट परत घेऊन आला.

"हे घे. जा, बाहेर कुणाला तरी पाड," तो म्हणाला.

त्याच वर्षी त्यांची टीम नॅशनल फायनलला पोचली. शेवटच्या क्षणी नीलांबरीनं दोघींच्या डोक्यावरून चेंडू झेलला. आता गोल मारला की सहा गुण. तिच्या हिशोबानं टीम दोन गुणांनी मागे होती. तिनं किक मारली, चेंडू खणकन खांबावर आदळला आणि भोंगा वाजला. ती मटकन खाली बसून रडायला लागली. तेवढ्यात टेस येऊन अंगावर पडली.

"ऊठ! जिंकलो!"

"खांबाला लागला गं!"

"खांबाचा एक गुण असतो, बाई! आपण बरोबरीत होतो!"

हरल्याचं रडणं तसंच पुढे जिंकल्याचं झालं, मधे थांबायला तिला वेळच मिळाला नाही.

आता ती बेचाळीस वर्षांची आहे. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून खेळणं थांबवलं आणि नव्या मुलींना शिकवायला लागली. लेक अंतरा "आई, too much running" म्हणून चित्रकलेत रमली आहे. यतीन मात्र गोल अंपायर झाला. खांबांपाशी झेंडे घेऊन उभा राहतो आणि बायकोच्या टीमचे गोल बिनदिक्कत नाकारतो. मग त्या दिवशी घरी चहा त्यालाच करावा लागतो.