गिटार संपेपर्यंत

कामरगावच्या बसथांब्याजवळ तो स्पीकर दुरुस्त करायचा. डबा गुडघ्यांत घट्ट धरून सगळं काम उजव्या हाताने करायचा. डावा हात कायम खिशात. काम झालं की तपासायला एकच इंग्रजी रॉक गाणं लावायचा. सुरुवातीची गिटार वाजू लागली की खिशातला हात चुळबुळायचा, आणि गायकाने तोंड उघडायच्या आत तो गाणं बंद करायचा.

माझ्या स्पीकरलाही तेच केलं, तेव्हा मी वैतागलो. "अहो, पुढचं वाजू द्या ना! आवाज तरी कळेल."

त्याने डावा हात बाहेर काढला. त्याला अंगठा तेवढा होता.

"मळणीच्या थ्रेशरात सोयाबीन लोटून राह्यलो होतो, अन् कानात हेच गानं होतं. गिटार संपेपर्यंत माहे बोटं होते, भाऊ."