दुसऱ्यानं बघितलेली गाठ

माझ्या लग्नात भटजींनी शेला-उपरण्याची गाठ मारली, तेव्हा शेजारचे नामदेवकाका पुढे झाले, त्यांनी ती ओढून बघितली आणि म्हणाले, "म्हाराज, सुटती बघा ही." मग स्वतःच्या पद्धतीची बांधली. ती सोडवताना माझ्या बहिणींची नखं मोडली. बायको अजून म्हणते, काकांनी पळून जायची सोयच ठेवली नाही.

काकांचं आमच्या झरी गावात खत-बियाण्याचं दुकान. पन्नाशीत एकदा सह्याद्रीतल्या किल्ल्यावर गेले आणि डोंगराचं वेड घेऊनच परतले. आता आमच्याकडे उंच म्हणाल तर पाण्याची टाकी. तरी दर हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर ते 'डोंगर मेळा' भरवायचे. पुण्याहून दोर, हेल्मेट, काठ्या विक्रीला मागवायचे आणि टाकीच्या शिडीवर सुरक्षेचे धडे द्यायचे. गाव लोटायचं, पण डोंगरासाठी नव्हे. शेतातली लाईट रात्रीच यायची, तेव्हा हरभऱ्याला पाणी द्यायला कपाळावरची बॅटरी बरी, म्हणून खपायची. चढणीच्या काठ्या म्हातारी माणसं पोखर्णीच्या नृसिंहाला जायला न्यायची. काकांना त्याचं काही वाटत नसे. अट एकच, दोर घेणाऱ्यानं तिथंच गाठ मारायची आणि ती दुसऱ्यानं ओढून बघायची. "बांधणारा एक, बघणारा दुसरा. आपली गाठ आपल्याला चांगलीच दिसती," म्हणायचे.

त्यांना खरी धास्ती माझ्या भावाची, किशनची. गावात कुणाची पाण्याची मोटार विहिरीत अडकली की हा कमरेला कासरा बांधून उतरणार.

"किशन, एक दिवस तू वर येणार न्हाईस."

"काका, तुमी डोंगरावर जावा, मी विहिरीत जातो. दोघं बी सुखी."

एका मेळ्यात कोंडाबाईची गाभण शेळी शाळेमागच्या विहिरीत पडली. किशन कासरा घेऊन धावला. काका काठावर हात पसरून उभे.

"हेल्मेट घाल. पट्टा बांध."

"काका, शेळी मरायलीय."

"आन् तू?"

किशननं चरफडत पट्टा चढवला, दोराला गाठ मारली. काकांनी ती ओढून बघितली आणि वर मलाही ओढायला लावली. कोंडाबाई रडता रडता म्हणाली, "आता शेळीला बी टोपी घालतो का काय ह्यो बाबा?" दोर धरलेले आम्ही सगळे हसलो.

किशन अर्ध्यात गेला आणि काठाचा दगड निसटला. थेट त्याच्या डोक्यावर. खाडकन आवाज आला. आमचं हसू जागीच विरलं. खालून किशन म्हणाला, "काका, हाय मी."

काका मटकन खालीच बसले. शेळी वर आली तरी उठले नाहीत. पुढे ते तडकलेलं हेल्मेट दर मेळ्यात टांगलेलं असे. काकांच्या सांगण्यात दगड मात्र वाढत गेला, शेवटी जात्याएवढा झाला. किशन नुसता मान डोलवायचा. हेल्मेटशिवाय तो पुन्हा उतरला नाही.

गेल्या थंडीत, मेळा तोंडावर आला असताना, काका गेले. सारं गाव म्हणत होतं, लय चांगला माणूस होता. दुकानात आलेले दोर तसेच पडून होते.

अंगणात किशननंच तिरडी बांधली. शेवटची गाठ मारून तो बाजूला सरला. चौघं खांदा द्यायला वाकले.

"थांबा," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तू बघ."

मी एकेक गाठ ओढून बघितली. डोळ्यांपुढचं धड दिसत नव्हतं, हातानंच बघितली.

"पक्की हाय," म्हणालो. मग आम्ही काकांना उचललं.