कूलिंग टॉवरजवळचं बाकडं

ते बाकडं मीच तिथे ठेवायला लावलं होतं.

दारव्ह्याकडच्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात मी केमिस्ट आहे. तेल तपासायला दुसरी माणसं आहेत, माझ्याकडे पाणी. बॉयलरचं आणि कूलिंग टॉवरचं. यंत्रांमधून गरम होऊन आलेलं पाणी टॉवरच्या माथ्यावरून खाली पडतं, वरचा मोठा पंखा हवा ओढतो आणि पाणी गार होऊन परत आत जातं. पडताना त्याचे बारीक तुषार आजूबाजूला उडतात. एप्रिलमध्ये आमच्याकडे सावलीतही अंग भाजतं, तेव्हा त्या तुषारांत उभं राहिलं की बरं वाटतं.

कारखान्यात झाडझूड आणि बागेचं काम करायला जवळच्या तांड्यावरून एक मावशी यायच्या. पंचावन्नच्या आसपास वय, काटक बांधा, आवाज खणखणीत. दुपारचा डबा आम्ही दोघी बरोबर खायचो. त्यांची ज्वारीची भाकर मला आणि माझी पोळी त्यांना, असं ठरूनच गेलं होतं. त्या उन्हाळ्यात मी दोन माणसांकरवी स्टोअरमागचं लोखंडी बाकडं उचलून टॉवरच्या बाजूला आणवलं. मावशी बसल्या, तोंडावर तुषार घेतले आणि हसल्या, "बाई, हा तं फुकटचा कूलर हाय."

मे लागला तसे कारखान्याचे बोअर खाली गेले. गावात टँकर सुरू झाले होते. टॉवरमधलं थोडं पाणी रोज सोडून द्यावं लागतं आणि तेवढंच ताजं भरावं लागतं, नाहीतर त्यात घाण साचत जाते. मॅनेजर म्हणाले, "सोडणं बंद करा काही दिवस. लोकांना प्यायला पाणी नाही आणि आपण नालीत सोडून राह्यलो, बरं दिसते का?" मलाही ते पटलं. खरं तर पाणी वाचवतोय म्हणून मनातून चांगलंच वाटलं. त्याच आठवड्यात क्लोरीन सोडणारा पंप बिघडला. सुटा भाग नागपूरहून यायचा होता. पहिले काही दिवस मी बादलीने क्लोरीन टाकलं. मग एक दिवस राहिलं, मग दोन दिवस. पाण्याला हिरवट रंग आला. टाकीच्या भिंतीवरून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर हाताला लागला.

त्याचा अर्थ मला माहीत होता. नागपूरच्या प्रशिक्षणात आम्हाला लिजिओनेला नावाच्या जिवाणूबद्दल शिकवलं होतं. कोमट, साचलेल्या पाण्यात, अशाच बुळबुळीत थरात तो वाढतो. पाणी प्यायल्याने सहसा काही होत नाही, पण तुषारांवाटे श्वासात गेला तर न्यूमोनिया होतो, आणि वय झालेल्या माणसाला तो जास्त बाधतो. टॉवर बंद करून धुवायला हवा, असं मी मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, "ऑर्डर चालू आहे. पंधरा दिवस थांबा." मी बरं म्हटलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून मी लॅबमध्ये डबा खाऊ लागले.

मावशींना म्हटलं, रिपोर्टचं काम आहे. खरं कारण सांगितलं असतं तर पाणी बिघडलंय हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग ते बिघडू कोणी दिलं, हेही आलंच असतं. एकदा त्यांनी खिडकीतून हाक मारली, "या ना बाई, काहून नाही येऊन राह्यल्या? इथं थंडगार हाय."

मी म्हटलं, "तुम्ही बसा, मावशी."

काही दिवसांनी मावशी कामावर आल्या नाहीत. लग्नसराई होती, कुठे गेल्या असतील असं मी स्वतःला सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांची सून गेटवर आली. म्हणाली, "मॅडम, ताप उतरूनच नाही राह्यला. गावच्या डॉक्टरनं सलाइन लावल्या, फरक नाही. यवतमाळले नेलं त्यायले."

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. मावशींच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. त्यांनी मला ओळखलं नाही. माझा हात धरून "याडी, याडी" म्हणत होत्या. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. डॉक्टरांनी सुनेला विचारलं, "काम काय करतात?"

"कंपनीत झाडझूड करते."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. मी तिथेच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. बोलले नाही. बसने घरी आले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलेच नाही. कारखान्यात गेले, टॉवरच्या पाण्याचा नमुना बाटलीत भरला आणि नागपूरच्या लॅबला पाठवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी लगेच औषध बदललं. मग विचारलं, "हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"काल रात्री," मी म्हटलं.

ताप उतरायला बरेच दिवस लागले, पण उतरला. मावशींना नेमकं तेच झालं होतं का, हे शेवटपर्यंत पक्कं कळलं नाही. तशी तपासणी तिथे होत नव्हती. टॉवरच्या नमुन्यात मात्र लिजिओनेला निघाला. तो कागद मी मॅनेजरांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला आणि त्याच दुपारी टॉवर बंद केला. चार दिवस घासून धुतला, पंप बसवला, तुषार अडवणाऱ्या फुटक्या पट्ट्या बदलल्या. ऑर्डर थोडी लांबली, एवढंच. कोणाचं काही अडलं नाही.

पोळ्यानंतर मी तांड्यावर गेले. मावशी ओट्यावर बसल्या होत्या, अर्ध्या झालेल्या. सुनेने चहा ठेवला. मी पाण्याचं सांगितलं, जिवाणूचं सांगितलं, मला आधीपासून माहीत होतं हेही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग अगदी साधेपणाने विचारलं, "मंग म्हणून तुमी तिथं बसत नव्हत्या का?"

मी हो म्हटलं.

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

डॉक्टरांपासून लपवलेल्या त्या दोन दिवसांचं मी तेव्हाही सांगितलं नाही. ते अजून त्यांना माहीत नाही. मी निघाले तेव्हा त्या पाण्याची गुंडी घेऊन हातपंपाकडे चालल्या होत्या. पन्नास पावलं असतील. मधे दोनदा थांबल्या. मी गुंडी घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "राहू द्या बाई, होते मायाच्यानं."