खुर्चीवरचं प्लास्टिक

“काय वास ई ऱ्हायना रे? हिले मांगे ठेवा, साहेब येतीन आते.”

तळोद्याच्या मंडपात, साहेबांच्या कार्यक्रमात, पक्षाचा कार्यकर्ता हे बोलला. नाकावर रुमाल धरून. वास माझाच होता. मी पदर मांडीवर ओढला, मान खाली घातली. मला खुर्चीसकट मंडपामागे, आचाऱ्याच्या कढयांजवळ नेऊन ठेवलं. साहेब आले तेव्हा फोटोपुरतं पुढे आणलं, मग परत मागे. भाषणात लाभार्थी म्हणून माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. धरणी दुभंगावी आणि मी गडप व्हावं, असं वाटलं.

आमचं गाव वर डोंगरात. जीपच्या टपावरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. चाकाची खुर्ची ह्याच लोकांनी दिलेली. सीटवर प्लास्टिक होतं. “काढू नको, नवी ऱ्हाऊ दे,” हाच कार्यकर्ता तेव्हा म्हणाला होता. आम्हाला सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडे मोटारसायकलच्या सीटचं प्लास्टिकही आपोआप फाटेपर्यंत राहतं. नव्या वस्तूचा मान. वहिनी रोज ओल्या फडक्याने ते पुसायची आणि मी दिवसभर त्यावर बसून. उन्हाळ्याचा घाम खाली साचायचा. कुल्ला सोलला ते कळलंच नाही, तिथे दुखत नाही. आधी वास आला. मला वाटलं, लघवीचा असेल. पाणी पिणं कमी केलं. अंगावर पावडर थापली. वहिनीला सांगितलं नाही. ती जागा कुणाला दाखवायची?

मंडपातून घरी आल्यावर वहिनीने दार लावलं. मला पालथं केलं, साडी वर केली. मागे आरसा धरला. लिंबाएवढं भोक. मी माझंच अंग बघून ओकले.

दवाखान्यात सडलेलं मांस कापलं. उपकेंद्राच्या नर्सबाईंनी घरी येऊन आधी ते प्लास्टिक टराटरा फाडलं, कापसाची जाड गादी घालायला लावली. “जखम भरेपर्यंत खुर्चीत बसायचं नाही,” म्हणाल्या. पावसाळाभर मी पालथी पडून. वहिनी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवायची आणि मी उशीत तोंड खुपसायचे. तिचे हात, माझी घाण. ती लाज अजून गेलेली नाही. भरल्यावर बाईंनी सवय लावली. हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, पुन्हा पुन्हा, म्हणजे एकाच जागी दाब पडत नाही. आणि रोज आरशात बघायचं.

यंदा परत बोलावणं आलं. मंचावर नव्या खुर्च्यांची रांग, सगळ्यांवर प्लास्टिक चकाकत होतं. माझ्या शेजारी धानोऱ्याची एक पोर, नव्या खुर्चीत ताठ बसलेली. साहेबांचं भाषण चालू होतं. मी दांड्यांवर हात टेकून बूड उचललं. थोड्या वेळाने पुन्हा.

“ए, हालू नको. फोटो बिघडी जाई,” तोच कार्यकर्ता म्हणाला.

“हलणार,” मी म्हणाले. “नाही हलले तर सडते.”

माईक जवळ होता. मंडपभर गेलं. साहेब थांबले. वहिनी वर आली, तिने त्या पोरीला काखांत हात घालून उचललं आणि मी वाकून तिच्या सीटचं प्लास्टिक नखांनी फाडलं. कार्यकर्ता धावला. तोवर सीट उघडी झाली होती.

माझे कान तापले होते. लोक माझ्या बुडाकडेच बघत होते. लाज वाटली. वाटो. डोंगरात येईल त्या खुर्चीचं प्लास्टिक आधी मी फाडणार. बसणारी लाजली तर दार लावून माझा वण तिला दाखवणार.